बाहेरून कुलूप

"पिवळी छत्री. पण उशिरा."

हे माझ्याच अक्षरात लिहिलंय, खाली दोन रेघा ओढल्यात, आणि याचा अर्थ काय हे मला आज शप्पथ सांगता येत नाही. कोणाची छत्री? कशाला उशीर? ज्या रात्री हे लिहिलं त्या रात्री मला नक्की वाटलं असणार की आता फक्त बसायचं आणि उतरवायचं, बाकी सगळं झालंय, नाहीतर दोन रेघा कोण ओढतं.

ही माझी गोष्टींच्या कल्पनांची वही. कोपरे गेलेत, मधली काही पानं सुटी झालीत. दीडएकशे नोंदी असतील, त्यातल्या लिहून झालेल्या ७. बाकीच्यांपैकी काही कळतात पण आता नको वाटतात, आणि उरलेल्या सगळ्या या छत्रीच्या जातीच्या. "तो मोजतो." "बहिणीला माहीत होतं!!" काय माहीत होतं? कुठल्या बहिणीला? मला बहीणच नाहीये. पूर्वी हे वाचून वाईट वाटायचं, केवढं वाया गेलं वगैरे, मग हळूहळू लक्षात आलं की वहीत कल्पना नसतेच मुळी. वहीत असते ती सामान ठेवल्याची पावती. सामान ठेवलेलं असतं त्या वेळच्या माझ्यात, आणि तो माणूस पत्ता न ठेवता कधीच निघून गेलाय.

एका नोंदीचं मात्र असं कधी झालं नाही. "बाहेरून कुलूप, आत माणूस." ही ओळ मी २३ वर्षांचा असताना लिहिली आणि तेव्हापासून आजपर्यंत कधीही वही उघडली तरी ती मला कळतेच, म्हणजे नुसती कळत नाही, ती माझ्याकडे बघते. लेखक आणि त्याचं कथाबीज यांचं नातं काय असतं असं कोणी विचारलं की लोक फार गोड गोड बोलतात, पाहुणी काय, प्रेयसी काय, ठिणगी काय. माझा अनुभव विचाराल तर ते जुन्या उधारीसारखं असतं. तुम्ही रस्ता बदलता, ती बदलत नाही.

तर झालं असं होतं. नवीन नोकरी, भाड्याची खोली, तिसरा मजला. समोरच्या दाराला कायम कुलूप. मी समजून चाललो होतो की फ्लॅट बंद आहे. एका रात्री सगळीकडचे लाइट गेले होते, मी अंदाजानं जिना चढून वर आलो तर समोरच्या दाराखालच्या फटीतून उजेड. मेणबत्तीचा असणार कारण हलत होता. आणि आतून कोणीतरी खोकलं. कुलूप जागच्या जागी.

मी खोलीत गेलो आणि मोबाइलच्या उजेडात ती ओळ लिहिली.

आता तुम्ही म्हणाल, अरे, दार वाजवायचंस. निदान वॉचमनला विचारायचंस. नाही विचारलं. त्या रात्रीही नाही आणि पुढचे आठ महिने मी तिथे राहिलो तेव्हाही नाही. आत कोणी अडकलेलं असू शकतं, कोणाला मदत हवी असू शकते हे माझ्या डोक्यात आलंच नाही, डोक्यात आलं ते "काय भारी कल्पना आहे". आणि खरं सांगायचं तर मला विचारायचं नव्हतंच, कारण उत्तर मिळालं असतं तर गोष्ट गेली असती. हे वाक्य आत्ता टाइप करतानाही जरा कसंतरी होतंय, पण राहू दे.

त्याची पहिली गोष्ट मी २७ व्या वर्षी लिहिली. कर्जात बुडालेला एक माणूस, वसुलीवाले दारात यायला लागलेले, म्हणून तो शेजाऱ्याला किल्ली देतो आणि सांगतो की रोज सकाळी मला बाहेरून कुलूप घालून जा, संध्याकाळी उघड. लोकांना वाटतं घर बंद आहे. काही महिने मस्त चालतं आणि एक दिवस तो शेजारी बाहेर असताना हार्ट अटॅकनं जातो, किल्ली त्याच्या खिशात. १४ पानं. मी स्वतःवर प्रचंड खूश. एका मासिकाला पाठवली, तिथून परत आली, आणि मागे पेन्सिलीनं एक ओळ होती: कल्पना चांगली आहे, माणसं कुठे आहेत?

मी त्या संपादकाला मनातल्या मनात बऱ्याच शिव्या घातल्या. माणसं कुठे आहेत म्हणजे काय, दोन दोन माणसं आहेत की! एक आत, एक बाहेर.

इथे थोडं विषयांतर. मला मराठीतल्या एका गोष्टीची फार गंमत वाटते. आपण म्हणतो "मला गोष्ट सुचली". "मी गोष्ट सुचलो" असं म्हणताच येत नाही. भूक लागते, ताप येतो, आठवण येते, तशीच गोष्ट सुचते, आणि या सगळ्यात मी म्हणजे नुसता "मला", म्हणजे हे जिथे घडतं ती जागा. मग लिहायला बसलो की वाक्य पालटतं. "मी गोष्ट लिहितो." आता मी साहेब, क्रियापद माझ्या मागे मागे, पुरुष असेल तर लिहितो, बाई असेल तर लिहिते. पण लिहून संपली की काय होतं बघा. "मी गोष्ट लिहिली." लिहिली! क्रियापद मला सोडून गोष्टीच्या मागे गेलं. लेख असता तर लिहिला, नाटक असतं तर लिहिलं, लिहिणारा कोण आहे याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. आणि मध्येच अडकलो तर "मला लिहवत नाही", परत मला. शाळेत याला कर्तरी कर्मणी वगैरे म्हणून मार्क कापायचे तेव्हा हे कोणी सांगितलं नाही, की या सगळ्या व्यवहारात माणसाला मालकी मिळते ती फक्त लिहीत असेपर्यंत, आधीही नाही आणि नंतरही नाही.

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन या स्कॉटिश लेखकानं १८८८ मध्ये आपल्या स्वप्नांवर एक लेख लिहिला होता, त्यात तो म्हणतो की माझ्या डोक्यात छोटी छोटी माणसं राहतात, मी झोपलो की ती काम करतात, निम्म्या गोष्टी तेच रचतात आणि श्रेय मी घेतो. पैशांची चणचण सुरू झाली, बँकेची पत्रं यायला लागली की ही मंडळी कशी लगबगीनं कामाला लागतात हेही त्यानं लिहिलंय, आणि ते वाचून मला तो फार जवळचा वाटला. पण त्यातली खरी कामाची माहिती वेगळीच आहे. डॉक्टर जेकिल आणि मिस्टर हाइड ही त्याची गोष्ट, जिच्यात एक सभ्य डॉक्टर औषध घेऊन हाइड नावाचा दुष्ट माणूस होतो, ती स्वप्नात मिळाली असं सगळे सांगतात, तो स्वतः मात्र हिशोब अगदी चोख देतो: स्वप्नात मिळाला एक खिडकीपाशी घडणारा प्रसंग, आणि दुसरा तो, ज्यात पाठलाग होत असलेला हाइड पूड घेतो आणि लोकांच्या डोळ्यांदेखत बदलतो. बाकीचं सगळं जागेपणी. म्हणजे छोट्या माणसांनी दोन खोल्या बांधून दिल्या, घर यानं बांधलं, आणि लोक विचारतात खोल्या कुठून आणल्या.

याच्या उलट कोलरिज, इंग्रज कवी. कुब्ला खान या मंगोल सम्राटावरची ती कविता त्याला १७९७ मध्ये अफूच्या गुंगीत आख्खी मिळाली, दोनतीनशे ओळी, जागा झाल्यावर तो भराभरा उतरवायला लागला तर पोर्लॉक गावाहून कोणीतरी माणूस कामानिमित्त आला, तासाभरानं गेला, आणि परत येऊन बघतो तर बाकीची कविता गायब. छापली १८१६ मध्ये, ५४ ओळी, आणि सोबत हा किस्सा. माझा यावर विश्वास नाही. त्याच्या स्वतःच्या हाताची त्या कवितेची एक प्रत सापडलीये, तिच्याखालच्या टिपेत अफू आहे, शेतावरचं घर आहे, पोर्लॉकही आहे, पण तो माणूस नाही. मला वाटतं कविता तिथेच थांबली होती आणि ते कोणावर तरी ढकलायचं होतं. मी त्याला नावं ठेवत नाहीये, माझ्याकडे असे पोर्लॉकवाले निदान तीसेक आहेत. ऑफिस, पाठदुखी, शेजारचं बांधकाम. सगळ्यात कामाला येतो तो फोन.

असो. कुलुपाकडे येतो.

३१ व्या वर्षी मी ती गोष्ट एका मित्राला सांगितली. रात्री उशिरा, गच्चीवर, आम्ही दोघंच. आणि काय सांगितली! छापून न आलेली ती १४ पानं मी त्याच्यासमोर उभी केली, आवाज बदलून, थांबे घेऊन, त्या शेजाऱ्याच्या खिशातल्या किल्लीपाशी आल्यावर मी मुद्दाम गप्प बसलो आणि तो म्हणाला, "बाप रे." मग थोड्या वेळानं म्हणाला, "अरे ही लिही तू, लिहीच." मी म्हणालो हो, परत लिहितोय, नव्यानं.

नाही लिहिली. दुसऱ्या दिवशी बसलो तर काही नव्हतंच लिहायला. जे हवं होतं ते मिळून गेलं होतं, तो "बाप रे". पीटर गोल्वित्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले, त्यात असं दिसलं की आपण काय होणार, काय करणार हे दुसऱ्यानं ऐकून घेतलं, त्याची दखल घेतली की माणसं त्यासाठी उलट कमी कष्ट घेतात, जणू ते थोडंफार होऊनच गेलंय. लिहिणाऱ्यांना हे सांगायला प्रयोगशाळा नको. मी अशी निदान सहा माणसं ओळखतो ज्यांच्या तोंडून मी उत्तम कादंबऱ्या ऐकल्यात, वर्षानुवर्षं ऐकतोय, दर वेळी थोड्या जास्त चांगल्या होतात त्या, आणि कागदावर एक ओळ नाही. मी पण त्यातलाच झालो होतो. कुठे चार लोक बसले आणि विषय निघाला की मी आपली कुलूप काढायचो. हमखास चालायची.

मग ती भीती सुरू झाली. एवढ्या लोकांना सांगितलीये, कोणी लिहिली म्हणजे? गंमत बघा, स्वतः लिहायची नाही, पण दुसऱ्यानं लिहू नये. आणि एक दिवस एका मासिकात खरंच कुलूप घातलेल्या घराची गोष्ट आली, लेखकाला मी ओळखतही नव्हतो. पोटात गोळा आला. उभ्या उभ्या वाचून काढली आणि वाचताना माझी एकच प्रार्थना चालू होती की ही वाईट असू दे. चांगली होती. पण तिच्यात माझं काही नव्हतं, आत एक बाई होती, तिनं स्वतःच ठरवून कोंडून घेतलेलं होतं, कर्ज नाही, शेजारी नाही. एकाच कुलुपाची दोन घरं. कायदा तरी काय म्हणतो, कल्पनेवर कोणाची मालकी नसते, ती ज्या रीतीनं मांडली त्या मांडणीवर असते, आपल्या सुप्रीम कोर्टानं १९७८ मध्ये एका नाटक-सिनेमाच्या खटल्यात हेच सांगितलं होतं. मला हे कायद्याचं कोरडं वाक्य वाटायचं, पण त्या दिवशी ते एकदम लेखकानं लिहिल्यासारखं वाटलं. माझ्याकडे मांडणी नव्हती, म्हणजे माझ्याकडे काहीच नव्हतं.

चोरी होईल या भीतीपेक्षा आपणच नकळत चोर असू ही भीती जास्त वाईट, आणि ती हेलन केलरइतकी कोणी भोगली नसेल, लहानपणीच दृष्टी आणि ऐकू येणं गेलेली ती अमेरिकन लेखिका. १८९१ मध्ये, ११ वर्षांची असताना तिनं बर्फराजाची एक गोष्ट लिहिली आणि आपल्या शाळेच्या संचालकांना वाढदिवसाची भेट म्हणून पाठवली. छापून आली, कौतुक झालं, आणि मग कोणाच्या तरी लक्षात आलं की ही मार्गारेट कॅन्बी नावाच्या लेखिकेच्या गोष्टीशी फारच मिळतीजुळती आहे. तीनेक वर्षांपूर्वी ती गोष्ट हेलनच्या तळहातावर बोटांनी अक्षरं करून तिला कोणीतरी वाचून दाखवली होती. तिला ते अजिबात आठवत नव्हतं. गोष्ट आठवण म्हणून न येता सुचणं म्हणून आली. आठ मोठ्या माणसांनी त्या पोरीला बसवून चौकशी केली. पुढे आत्मचरित्रात तिनं लिहिलंय की त्यानंतर शब्दांशी नुसतं मजेसाठी खेळणं मला कधी जमलं नाही, आपण लिहितोय ते आपलंच आहे ना ही धास्ती कायम राहिली. मला हे वाचून राग येतो. कारण "मला सुचलं" आणि "मला आठवलं" ही दोन वाक्यं आतून सारखीच लागतात, कुठलं कुठलं आहे हे सांगणारं काही यंत्र आपल्या डोक्यात बसवलेलं नाही, आणि हे ११ वर्षांच्या मुलीला कळायला हवं होतं अशी त्या आठ जणांची अपेक्षा!

मधली काही वर्षं मी कुलुपाचं नावही काढलं नाही. इतर गोष्टी लिहिल्या, त्यातल्या काही छापून आल्या. कुलूप संपलं असं मी ठरवून टाकलं.

टॉल्स्टॉयचं एक मला फार आवडतं. १८५१ मध्ये तो कॉकेशस या डोंगराळ मुलखात होता, २३ वर्षांचा. त्या सुमारास हाजी मुराद नावाचा, रशियनांशी लढणारा एक मोठा लढवय्या आपल्या सरदाराला सोडून रशियनांना येऊन मिळाला, सगळीकडे तीच चर्चा, आणि टॉल्स्टॉयनं भावाला पत्रात लिहिलं की इतका शूर माणूस, आणि काय नीच काम केलं. संपलं. नंतर जुलै १८९६ मध्ये, वयाच्या ६७ व्या वर्षी, तो एका नांगरलेल्या शेतातून चालला होता, सगळं काळंभोर, एक हिरवी काडी नाही, आणि मध्येच एक काटेरी झुडूप, गाडीच्या चाकाखाली येऊन मोडलेलं, चिखलानं माखलेलं, पण उभं. त्याला एकदम हाजी मुराद आठवला. ४५ वर्षांनी! डायरीत लिहिलं, लिहावंसं वाटतंय, आणि मग १९०४ पर्यंत तो ती छोटीशी कादंबरी परत परत लिहीत राहिला, आणि हे तेव्हा जेव्हा तो जाहीरपणे कलेवरच संशय घेत होता, आपल्याच जुन्या पुस्तकांना मोडीत काढत होता. हयातीत छापलीही नाही, ती आली १९१२ मध्ये, तो गेल्यावर दोन वर्षांनी.

लोक यातलं झुडूप सांगतात. निसर्गानं दिलेली प्रेरणा वगैरे. मला ते "नीच काम" महत्त्वाचं वाटतं. हाजी मुराद तोच होता, बातमीत तसूभर फरक नाही. ज्याला तो नीच वाटला होता तो पोरगा ४५ वर्षांत संपला आणि ज्याला तो मोडूनही उभा दिसला तो म्हातारा तयार झाला. चाक कोणाकोणावरून जातं हे बघून झालेला. कल्पना पिकायला वेळ लागतो असं आपण म्हणतो ना, मला वाटतं कल्पना काही पिकत बिकत नाही, ती आहे तशीच असते दगडासारखी. आपलं काहीतरी होत असतं.

मी ३८ वर्षांचा असताना बाबा विसरायला लागले. आधी नावं, मग वेळ, मग घर. रात्री उठून बाहेर जायचे, दोनदा फार लांब सापडले. मग आम्ही आतून वरची कडी लावायला लागलो, ती ते उघडायला शिकले, इतकं सगळं विसरून ते नेमकं कडी उघडायला शिकले. एक दिवस घरात मी एकटा, त्यांची औषधं संपलेली, घरपोच येणार होती ती आली नव्हती, आणि मला खाली जाऊन यायला वीस मिनिटं लागणार होती. मी म्हणालो, "बाबा, आलोच मी, बसा." बाहेर आलो आणि बाहेरून कुलूप लावलं.

दोन पायऱ्या उतरलो तर आतून दारावर टकटक.

"कोण आहे बाहेर?"

"मीच आहे बाबा."

"मग उघड की."

मी जिन्यात उभा. हातात किल्ली. आणि बरोब्बर त्या वेळी, ते आतून दार वाजवत असताना, माझ्या डोक्यात अगदी स्वच्छ वाक्य आलं की ही गोष्ट आतल्या माणसाची नाहीच. ती किल्लीवाल्याची आहे.

पंधरा वर्षं मी त्या दाराच्या आत बघत होतो. आत कोण, का, किती दिवस. आणि समोरच्या त्या फ्लॅटला रोज कोणीतरी कुलूप लावून जात असणार, खाली उतरत असणार, बस पकडत असणार, दिवसभर त्याच्या खिशात ती किल्ली टोचत असणार, आणि कदाचित आठ महिने माझ्या शेजारूनच तो जिना चढत उतरत असणार, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. त्या १४ पानांत मी त्याला मारून टाकला होता, तेही शेवटच्या झटक्यासाठी. माणसं कुठे आहेत, असं त्या संपादकानं पेन्सिलीनं विचारलं होतं ते हेच.

मी परत वर जाऊन दार उघडलं नाही. खाली गेलो. औषधांच्या रांगेत उभा असताना मोबाइलमध्ये टाइप केलं, "किल्ली कोणाकडे". मग ते वाचलं आणि फोन खिशात टाकला, कारण मला माझीच शिसारी आली. बाप दार वाजवतोय आणि हा नोट्स काढतोय. तेवीसाव्या वर्षी मेणबत्तीच्या उजेडाला "भारी कल्पना" म्हणणारा तो पोरगा कुठे गेला नव्हता तर, आतच होता. परत आलो तेव्हा बाबा खुर्चीत बसून वर्तमानपत्र उलटं धरून वाचत होते, त्यांना काही आठवत नव्हतं. मला म्हणाले, "कधी आलास?"

नोट डिलीट केली नाही मात्र. हेही सांगायला पाहिजे.

बाबा गेल्यावर वर्षभर मी काही लिहिलं नाही. त्यांच्यावर लिहायचं नाही असं तर ठरवलंच होतं, माणूस आपल्या तावडीत आहे, नाही म्हणू शकत नाही, म्हणून त्याची गोष्ट करायची याला काय म्हणायचं. यावर माझ्याकडे आजही उत्तर नाहीये. जे लेखक म्हणतात की लेखकाला सगळं माफ असतं त्यांच्याशी माझं पटत नाही, आणि जे म्हणतात की जवळच्यांवर लिहूच नये त्यांनी बहुतेक वेळा लिहिलेलंच असतं, नावं बदलून. मी शेवटी लिहिलं ते ४२ व्या वर्षी, पहिला खर्डा ११ दिवसांत, आणि त्यात बाबा नव्हते, म्हणजे आत जी व्यक्ती होती ती दिसतच नव्हती, फक्त आवाज. बाहेरच्या माणसाची वीस मिनिटं होती.

फॉकनर या अमेरिकन कादंबरीकारानं १९५६ मधल्या एका मुलाखतीत सांगितलंय की त्याची १९२९ सालची ती प्रसिद्ध कादंबरी, द साउंड अँड द फ्युरी, सुरू झाली ती मनात आलेल्या एका चित्रातून. एक लहान मुलगी झाडावर चढून खिडकीतून आत बघतेय, आत तिच्या आजीचं मरण झालंय, तिच्या चड्डीला चिखल लागलाय आणि खाली उभे असलेले भाऊ वर बघतायत. त्याला वाटलं होतं छोटी कथा होईल. एका भावाच्या तोंडून सांगितली, जमली नाही. दुसऱ्या भावाच्या तोंडून सांगितली, नाही. तिसऱ्या. मग स्वतःच्या. पंधरा वर्षांनी परत एकदा, पुरवणी जोडून. आणि तरी म्हणतो की मला ती नीट सांगता आलीच नाही. आणि गंमत म्हणजे आख्ख्या कादंबरीत ते चित्र येतं थोडक्यात, भर्रकन, वाचणाऱ्याला माहीत नसेल तर तो थांबणारही नाही तिथे.

माझ्या दुसऱ्या आणि तिसऱ्या खर्ड्यात कुलूप होतं. पितळी, जड, वर्णन करून करून घासून चकचकीत केलेलं. ज्यांना वाचायला दिलं ते सगळे कुलुपाबद्दलच बोलले. काय प्रतीक आहे, कशाचं आहे, शेवटी ते उघडायला हवं होतं की नको. त्या खाली उतरणाऱ्या माणसाबद्दल एक जण बोलेना. चौथ्या खर्ड्यात मी कुलूप काढून टाकलं. म्हणजे शब्दच काढला, सगळीकडून, शोधून शोधून. एक माणूस दार ओढून घेतो, खाली जातो, काम करतो, वर येताना दर मजल्यावर थांबतो, आणि उजव्या खिशातला हात काही बाहेर काढत नाही. बास. काढताना हात अडखळत होता हे खरं, १९ वर्षं जे जपलं तेच उपटायचं म्हणजे काय, पण काढल्यावर पहिल्यांदा त्या जिन्यावर मला पायांचा आवाज ऐकू आला.

छापून आल्यावर मी ती गच्चीवरच्या त्या मित्राला पाठवली. त्याचा दोन दिवसांनी फोन आला. बराच वेळ चांगलं बोलला, नुसतं तोंडदेखलं नाही, एका जागी त्याला थांबावं लागलं म्हणाला, त्याच्या आईची आठवण आली. मी ऐकत होतो. फोन ठेवता ठेवता म्हणाला,

"बाकी काही म्हण, पण तू ती दुसरी सांगितली होतीस ना एकदा, ती कुलूपवाली, किल्ली घेऊन मरतो तो शेजारी? ती भारी होती रे. ती कधी लिहिणारेस?"

"लिहीन," मी म्हणालो.